अध्याहृत : प्रोग्रॅममधल्या न लिहिलेल्या शब्दाचा इतिहास

सातवीत असताना व्याकरणाच्या तासाला आमचे गुरुजी फळ्यावर दोनच शब्द लिहीत, ‘जेवलास का?’ आणि विचारीत, ‘कर्ता कुठे आहे?’ वर्ग गप्प. मग कोणीतरी भीतभीत म्हणे, ‘तू.’ ‘तो फळ्यावर आहे का?’ नाही. गुरुजी खडू खाली ठेवत आणि सांगत, ‘कर्ता अध्याहृत आहे.’ वाक्यात लिहिलेला नाही, पण अर्थ लावताना बाहेरून आणावाच लागतो, असा शब्द म्हणजे अध्याहृत. परीक्षेत तो कंसात लिहिला की अर्धा गुण मिळत असे.

हा शब्द मला पुन्हा आठवला तो दहा-बारा वर्षांनी, २००१ साली, पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयात. नोकरीचा दुसरा महिना होता. पर्ल नावाच्या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम माझ्या हाती दिला गेला होता आणि त्यातल्या तीन ओळींपाशी मी दोन दिवस अडकलो होतो. त्या ओळींचे मराठी करायचे तर असे होईल : ‘वाचत राहा. शेवटची खूण काढ. जुळले तर छाप.’ काय वाचायचे, कशाची खूण काढायची, काय जुळले तर काय छापायचे, यांतले काहीही लिहिलेले नव्हते. क्रियापदे होती, कर्म नव्हते. आणि तरीही प्रोग्रॅम बिनचूक चालत होता. शेवटी शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, ‘अरे, ते गृहीतच असतं.’

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण मराठी माध्यमातून आलेल्या, संगणक पहिल्यांदा कॉलेजात पाहिलेल्या मुलाला त्या वाक्याचा एकच अर्थ कळला : जे सगळ्यांना न सांगता समजते, ते तुला समजत नाही. पुढे बरीच वर्षे नवी भाषा शिकताना ही बोच सोबत राहिली. ती जायला कारण झाला इतिहास. हे ‘गृहीत’ कोणी धरले, कधी धरले आणि कोणासाठी धरले, याचा शोध घेत गेलो तेव्हा लक्षात आले की या न लिहिलेल्या शब्दांना जन्मस्थळ आहे, साल आहे आणि कारणेही आहेत.

एका सेकंदाला दहा अक्षरे

ते जन्मस्थळ म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले मरे हिल आणि तिथली बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था. १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्स या संगणकप्रणालीची सुरुवात केली. आज आपल्या डोळ्यांसमोर संगणक म्हटले की पडदा येतो. त्यांच्यासमोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. तारयंत्राच्या कुळातले हे यंत्र. खाली टंकलेखनयंत्रासारख्या कळा, वर कागदाची गुंडाळी. आपण आज्ञा टंकायची, संगणकाने उत्तर त्याच कागदावर ठोकायचे. त्या काळी सर्वत्र दिसणारे मॉडेल ३३ हे यंत्र एका सेकंदाला जास्तीत जास्त दहा अक्षरे छापू शके. म्हणजे या परिच्छेदाएवढा मजकूर उमटायला मिनिटभर तरी खडखडाट ऐकावा लागला असता. कळा जड होत्या. बोटाला नुसता स्पर्श करून भागत नसे, दाबाव्या लागत.

अशा यंत्रासमोर बसलेला माणूस काटकसरी होतो. फायलींची यादी दाखवणारी आज्ञा ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’, पुसणारी ‘आरएम’ : सगळ्या दोन अक्षरांच्या. काम नीट झाले तर यंत्र काहीच बोलत नसे. ‘झाले’ असे छापायलाही वेळ आणि कागद लागतो, म्हणून मौन हेच होकाराचे चिन्ह ठरले. नवी फाइल तयार करण्याच्या ‘क्रिएट’ या अंतर्गत आज्ञेच्या इंग्रजी स्पेलिंगातले शेवटचे ‘ई’ही गाळले गेले. युनिक्स पुन्हा बनवायची झाली तर काय बदलाल, असे पुढे थॉम्पसन यांना विचारले, तेव्हा ते गाळलेले अक्षर परत घालीन, असे त्यांनी सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

काटकसरीला दुसरेही कारण होते. १९७१च्या सुमारास युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर चालत होती, त्याची स्मृती २४ किलोबाइट होती. त्यातले १६ प्रणालीच्याच पोटात जात. वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला उरत आठ. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटो या सगळ्यापेक्षा शंभरपट मोठा असतो. आठ किलोबाइटच्या खोलीत राहणारा माणूस सामान कमीच बाळगणार.

चालू ओळ

पण नाव आखूड करणे वेगळे आणि शब्दच न लिहिणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा उगम थॉम्पसन यांच्या ‘एड’ या संपादकात आहे. एड म्हणजे मजकूर लिहिण्या-खोडण्याचा प्रोग्रॅम. कागदावर चालणाऱ्या यंत्रात सगळा मजकूर समोर दिसत राहण्याची सोय नसते. म्हणून एड एक गोष्ट मनात ठेवत असे : आत्ता आपण कोणत्या ओळीवर आहोत. तिला ‘चालू ओळ’ म्हणू. तिची खूण एक टिंब. नुसते ‘डी’ टंकले की चालू ओळ पुसली जाई, नुसते ‘पी’ टंकले की ती छापली जाई. कोणती ओळ, हे सांगायची गरज नव्हती. आज्ञा चुकली तर एड एकच चिन्ह छापत असे, प्रश्नचिन्ह. काय चुकले हे तुम्हीच ओळखायचे.

मरे हिलच्या त्या मजल्यावर याचा कोणाला त्रास होत नव्हता. एड लिहिणारा माणूस दोन खोल्या सोडून बसत होता. अडले तर उठून विचारायचे. पण १९७१ पासूनच बेल लॅब्जच्या पेटंट विभागातले टंकलेखक युनिक्स वापरू लागले आणि मग ही प्रणाली विद्यापीठांमधून पसरली. ‘गृहीत’ धरणारे आणि ‘गृहीत’ सोसणारे यांच्यातले अंतर वाढले. ब्रायन कर्निहॅन यांनी एडची नवशिक्यांसाठी स्वतंत्र ओळख-पुस्तिका लिहिली ती याच गरजेतून. नोव्हेंबर १९८१मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने युनिक्सवर सविस्तर टीका केली. त्यांचा मुद्दा असा, की आज्ञांची नावे आठवणीला धरून नाहीत, प्रणाली गप्प राहते आणि शिकणाऱ्याला आपण कोणत्या अवस्थेत आहोत हेच कळत नाही. दोष वापरणाऱ्याच्या बुद्धीचा नाही, रचनेचा आहे, हे एका अभ्यासकाने छापून सांगण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग होता.

दरम्यान चालू ओळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात वारसाहक्काने जात राहिली. एडमध्ये एक आज्ञा होती : सगळ्या मजकुरात अमुक नमुना शोध आणि जुळलेल्या ओळी छाप. इंग्रजीत ती लिहिताना आधी ‘जी’, मग दोन तिरप्या रेघांमध्ये नमुना, मग ‘पी’. नमुन्यासाठी असलेल्या दोन शब्दांची आद्याक्षरे ‘आर’ आणि ‘ई’ मध्ये घातली की होते ‘ग्रेप’. १९७३ साली याच नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम आला. कर्निहॅन यांनी त्याची जन्मकथा सांगितली आहे. ली मॅकमहन या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या ८५ राजकीय निबंधांचा अभ्यास करायचा होता. त्यांतल्या काही निबंधांचा लेखक कोण, हा जुना वाद होता. पण तो मजकूर एडच्या स्मृतीत मावत नव्हता. थॉम्पसन यांनी एडमधला शोधण्याचा भाग वेगळा काढून दिला. मजकूर स्मृतीत साठवायचा नाही, एकेक ओळ समोरून जाऊ द्यायची. मॅकमहन यांनीच नंतर ‘सेड’ लिहिला. त्यातही ओळी एकामागून एक येतात आणि आज्ञा समोर आलेल्या ओळीला लागू होतात.

१९७७ साली अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी ‘ऑक’ ही छोटी भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजे तिचे नाव. ऑकमधल्या प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात, अट आणि कृती. कृती लिहिली नाही तर ‘ओळ छाप’ असे समजायचे. अट लिहिली नाही तर ‘प्रत्येक ओळीला’ असे समजायचे. आणि ‘फाइल उघड, एकेक ओळ वाच, संपेपर्यंत चालू ठेव’ हा सगळ्या प्रोग्रॅमचा कणा तर कधीच लिहायचा नाही. नुसती अट लिहून संपलेला एक शब्दाचा प्रोग्रॅम ऑकमध्ये पूर्ण आणि शुद्ध मानला जातो. ‘जेवलास का?’ हे जसे पूर्ण वाक्य, तसाच.

भाषाशास्त्रज्ञाचे सर्वनाम

आता पर्लकडे येऊ. १८ डिसेंबर १९८७ रोजी लॅरी वॉल यांनी तिची पहिली आवृत्ती जगाला दिली. देशाच्या दोन किनाऱ्यांवरच्या यंत्रांमध्ये विखुरलेल्या फायलींमधून अहवाल काढायचे होते आणि ऑकला ते झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःची भाषा लिहायला घेतली. वॉल यांचा पिंड मात्र निव्वळ संगणकवाल्याचा नव्हता. ते आणि त्यांच्या पत्नी ग्लोरिया यांनी बर्कलीला भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता. लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यावी आणि तीत बायबलचे भाषांतर करावे, असा त्यांचा मनसुबा होता. प्रकृतीच्या कारणाने तो सोडावा लागला. ज्याला एका बोलीला लिपी द्यायची होती, त्याने शेवटी यंत्राला एक बोली दिली.

चालू ओळीकडे वॉल यांनी भाषाशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. माणसे बोलताना प्रत्येक नाम पुन्हा पुन्हा उच्चारत नाहीत. ‘दार उघड, ते घट्ट बसलंय, जरा ढकल’ यात दार एकदाच येते. पुढे ‘ते’ येते आणि मग तेही येत नाही. पर्लमध्ये वॉल यांनी असे एक सर्वनाम ठेवले. त्याची खूण डॉलर आणि त्यापुढे अधोरेषा, $_. वाचलेली ओळ दुसरे नाव दिले नाही तर त्यात जाते. खूण काढणारी, तुकडे करणारी, नमुना जुळवणारी, छापणारी क्रिया कर्माशिवाय लिहिली, तर तिचे कर्म हेच. एडच्या टिंबाचा हा पणतू. फरक एवढाच की तो आता फक्त ओळीपुरता न राहता ‘सध्या ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे ते’ असा झाला. मी दोन दिवस ज्या तीन ओळींपाशी अडकलो होतो त्यांचे कोडे एवढेच होते. ‘वाचत राहा, आणि वाचलेले “ते” म्हण. “त्या”च्या शेवटची खूण काढ. “ते” जुळले तर “ते” छाप.’

ही सोय उगाच लोकप्रिय झाली नाही. १९९०च्या दशकात वेब वाढत होते, मजकुराचे ढीग येत होते आणि ते चाळायला झटपट लिहून होणारी भाषा हवी होती. १९९६ साली लिंकन स्टाइन या संशोधकाने लिहिलेल्या एका लेखाचे शीर्षकच ‘पर्लने मानवी जनुकसंच प्रकल्प कसा वाचवला’ अशा अर्थाचे होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची माहिती वेगवेगळ्या साच्यांत होती. तिचे एकमेकींत रूपांतर करणारे शेकडो छोटे प्रोग्रॅम पर्लमध्ये लिहिले गेले. संध्याकाळी लिहायचा, रात्री चालवायचा, सकाळी टाकून द्यायचा, अशा प्रोग्रॅमला आखूडपणा शोभतोच. अडचण येते ती सकाळी टाकून न दिलेल्या प्रोग्रॅमची.

पुसली गेलेली नावे

माझ्या हातचा प्रोग्रॅम असाच, कधीतरी टाकून द्यायचा राहून गेलेला होता. तो कामगारांच्या नावांची यादी घेऊन महिन्याचा एक तक्ता छापत असे. प्रत्येक नाव तपासून घ्यायचे एक नवे काम मला सांगितले गेले. मी वेगळा उपप्रोग्रॅम लिहिला : एक फाइल उघड, ओळी वाचत राहा, जुळले तर कळव. एव्हाना मला ‘गृहीत’ कळले होते, म्हणून मोठ्या ऐटीत मीही कर्म गाळले. एकट्याने चालवून पाहिला, अचूक चालला. मूळ प्रोग्रॅमला जोडला. दुसऱ्या दिवशी तक्ता छापून आला. आकडे सगळे जागच्या जागी होते, नावांचा रकाना कोरा. एकही नाव नाही.

काय झाले होते? मूळ प्रोग्रॅम यादीतले एकेक नाव उचलत होता आणि त्याला ‘ते’ म्हणत होता. पर्लमध्ये अशा फेऱ्यात ‘ते’ म्हणजे नावाची नक्कल नसते, यादीतली ती जागाच असते. ‘ते’ बदलले की यादी बदलते. माझा उपप्रोग्रॅमही फाइलमधल्या ओळीला ‘ते’च म्हणत होता. यादीवरचा फेरा आधीचे ‘ते’ बाजूला जपून ठेवतो आणि संपल्यावर परत देतो. ओळी वाचणारा फेरा तसे करत नाही. तो सरळ त्याच ‘ते’वर लिहीत जातो. फाइल संपली की वाचायला काही उरत नाही आणि ‘ते’ रिकामे होते. ते रिकामपण थेट यादीत, नावाच्या जागी जाऊन बसले. मग पुढचे नाव, मग त्याच्या पुढचे. दोन माणसे एकाच खोलीत ‘ते’ म्हणत होती, दोघांच्या मनात वेगळी वस्तू होती आणि यंत्राकडे मात्र ‘ते’ एकच होते.

ही चूक माझी एकट्याची नव्हती, हे समजायला मला वेळ लागला. पर्ल घडवणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. पर्लच्या २००७ साली आलेल्या ५.१० आवृत्तीत त्यांनी एक उपाय केला : प्रत्येक उपप्रोग्रॅमला आपले खासगी ‘ते’ ठेवता यावे. पण मग नवा गोंधळ सुरू झाला. न लिहिलेले कर्म म्हणजे खासगी ‘ते’ की सार्वजनिक ‘ते’? दुसऱ्याने लिहिलेल्या भागांना खासगी ‘ते’ दिसेना. २०१३च्या ५.१८ आवृत्तीत या सोयीवर ‘प्रायोगिक’ असा शिक्का बसला आणि २०१६च्या ५.२४मध्ये ती काढूनच टाकली गेली. भाषेच्या जाणत्या कर्त्यांना नऊ वर्षांत जे सोडवता आले नाही, ते नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मला आपोआप समजायला हवे होते, असे आता मी मानत नाही.

पायथन या भाषेने उलटा रस्ता धरला. खीदो फान रोसुम यांनी अॅमस्टरडॅमच्या संशोधनसंस्थेत सुरू केलेली ही भाषा १९९१ साली बाहेर आली. १९९९ साली टिम पीटर्स यांनी तिची तत्त्वे सूत्ररूपाने मांडली. त्यांतले दुसरेच सूत्र गृहीत ठेवण्यापेक्षा उघड सांगण्याच्या बाजूने आहे. पायथनमध्ये वस्तूने स्वतःविषयी बोलतानाही स्वतःसाठीचे नाव, रूढीने ‘सेल्फ’, लिहावेच लागते. गंमत अशी, की पीटर्स यांनी सूत्रे वीस असल्याचे सांगितले आणि लिहिली एकोणीस. विसावे अध्याहृत आहे.

दोनदा आलेला ण्

हा प्रश्न आपल्याकडच्या एका जुन्या शास्त्रातही आलेला आहे. पर्लचा आणि पाणिनीचा काही संबंध आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. असले नाते जुळवण्याची हौस आपल्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे. पण आखूडपणाची किंमत कशी चुकवावी लागते, याचा दोन हजार वर्षांहून जुना अनुभव अष्टाध्यायीच्या अभ्यासात साठलेला आहे आणि तो या ठिकाणी कामाचा आहे.

सुमारे चार हजार सूत्रांत पाणिनीने संस्कृतचे व्याकरण बसवले. त्यासाठी त्याने दोन युक्त्या सतत वापरल्या. पहिली प्रत्याहार : वर्णांच्या चौदा सूत्रांमधला एक वर्ण आणि पुढची एक खूण घेतली की मधले सगळे वर्ण त्यात आले. ‘अच्’ म्हटले की सगळे स्वर. दुसरी अनुवृत्ती : आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा न लिहिता चालू आहे असे मानायचे. हे लाघव वैयाकरणांना इतके प्रिय, की अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी त्यांना पुत्रजन्माएवढा आनंद होतो, अशी ख्याती झाली. तिचा उल्लेख नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त आहे. काशीत राहिलेले हे पंडित मूळचे मराठी, काळे आडनावाचे.

पण या लाघवाला दोन ठिकाणी तडा जातो. चौदा सूत्रांत ‘ण्’ ही खूण दोनदा आली आहे, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्याच्या. मग ‘अण्’ म्हणजे कोणत्या ण् पर्यंत? पहिल्यापर्यंत घेतले तर तीनच स्वर, दुसऱ्यापर्यंत घेतले तर सगळे स्वर आणि शिवाय काही व्यंजने. आणि अनुवृत्ती कुठे थांबते? परंपरा म्हणते की त्यासाठी स्वरिताची, म्हणजे उच्चारातल्या एका विशिष्ट स्वराची खूण होती. ती खूण आज हाती असलेल्या पाठात उरलेली नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरे सूत्रात नाहीत, ती व्याख्यानात आहेत. एक सूत्र सोडले तर ‘अण्’ नेहमी पहिल्या ण् पर्यंतच घ्यायचा, हे गुरू सांगतो तेव्हा कळते. शिष्य कितीही हुशार असला तरी नुसते सूत्र पाहून त्याला ते कळणार नाही. म्हणूनच कात्यायनाची वार्तिके आली, पतंजलीचे महाभाष्य आले. ते महाभाष्य मराठीत आणण्यासाठी पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी खंडामागून खंड लिहिले. सूत्र जेवढे आखूड, तेवढे भाष्य लांब. बचत झालेली असते ती लिहिणाऱ्याच्या बाजूला, आणि वाचणाऱ्याच्या खात्यातून ती वळती होते.

वैयाकरणांच्या परंपरेने हे खाते लपवले नाही. सूत्राबरोबर व्याख्यान असायचेच, हे त्यांनी मान्य केले. आमच्या कार्यालयात सूत्र होते आणि व्याख्याता नोकरी सोडून गेला होता.

उलगडा

मग शिकणाऱ्याने काय करायचे? जे मला उशिरा कळले ते असे. अध्याहृत शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. गाळलेला शब्द कोणता? तो तिथे कोणी ठेवला, म्हणजे आधीच्या कोणत्या क्रियेने? आणि त्याचा अंमल कुठे संपतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात यादीसारखे मिळते. दुसऱ्यासाठी प्रोग्रॅम वरून खाली वाचावा लागतो. तिसरा सर्वांत अवघड आणि माझ्या कोऱ्या रकान्याचे मूळ त्यातच होते.

या कामी पर्लनेच एक साधन दिले आहे. ‘डीपार्स’ नावाचा तिचा एक भाग आखूड प्रोग्रॅम घेऊन तो यंत्राला कसा समजला हे उलगडून लिहून दाखवतो. एका ओळीचा प्रोग्रॅम त्यातून काढला की न लिहिलेला फेरा दिसतो, न लिहिलेली वाचनाची क्रिया दिसते आणि ‘ओळ वाचली ती यात ठेवली’ हेही स्पष्ट अक्षरांत दिसते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा गुरुजींनी कंसात ‘तू’ लिहिल्यासारखे वाटले. त्यानंतर नव्या मुलांना शिकवताना मी त्यांच्याकडून हेच हाताने करून घेतो. वहीच्या डाव्या पानावर आखूड ओळ, उजव्या पानावर पूर्ण. पंधरा दिवसांत उजवे पान लागेनासे होते. ते लागत होते याची लाज मात्र कोणाला वाटू द्यायची नाही.

आणि लिहिणाऱ्याने? सर्वनाम टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. जगानेही ते टाकलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने २००६ साली हीच डॉलर-अधोरेषा घेतली आणि २०१२च्या तिसऱ्या आवृत्तीत तिला वाचता येण्याजोगे दुसरे नावही दिले. कोटलिन भाषेत एकाच घटकावर चालणाऱ्या छोट्या क्रियेत त्या घटकाला न सांगता ‘इट’, म्हणजे ‘ते’ म्हणता येते. रुबीने डिसेंबर २०२४च्या ३.४ आवृत्तीत हाच ‘इट’ स्वीकारला. म्हणजे पन्नास वर्षे भांडून माणसे पुन्हा सर्वनामापाशी आली. फरक एवढा पडला, की नव्या भाषांमधले ‘ते’ त्या छोट्या क्रियेपुरतेच जगते. कंस संपला की संपते. शेजारच्या खोलीत जाऊन कोणाची नावे पुसत नाही. टेलिटाइप गेले, आठ किलोबाइटची खोली गेली, तरी आखूडपणा उरला, कारण तो यंत्रापुरता नव्हता, माणसाच्या बोलण्यातच होता. शिस्त लावायची होती ती त्याच्या अंमलाला.

‘जेवलास का?’ हे वाक्य कर्त्याशिवाय चालते, कारण विचारणारा आणि जेवणारा समोरासमोर असतात. तेच पत्रात लिहायचे आणि घरात चार भावंडे असली, तर नाव घालावे लागते. प्रोग्रॅम लिहिणारा पुष्कळदा समोरच्याशी बोलतोय अशा भ्रमात असतो. खरे तर तो पत्र लिहीत असतो, आणि ते उघडणारा अजून शाळेत असतो.

त्या कोऱ्या रकान्याची दुरुस्ती एका शब्दाची निघाली. फाइलमधून वाचलेल्या ओळीला मी ‘ओळ’ असे नाव दिले आणि उपप्रोग्रॅममध्ये जिथे जिथे कर्म गाळले होते तिथे ते लिहिले. दहा-बारा अक्षरे वाढली. टेलिटाइपवर त्याला एक सेकंद जास्त लागला असता. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात सगळी नावे होती.